माप ताईकडे आहे

६ जून

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचलीस हे आईने फोनवर सांगितलं. तुला बोलव म्हटलं तर म्हणाली, "ती मशीनवर बसली आहे." मागे मशीनचा आवाज येत नव्हता. आईला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

फोनवर येत नाहीस, तर पत्र लिहिते. किराणाच्या पुडीचा कागदसुद्धा तू वाचून मगच टाकतेस, तेव्हा हेही वाचशील.

इकडे सगळं ठीक आहे. जेवते वेळेवर. तू इस्त्री करून ठेवलेला काळा कोट दारामागे तसाच आहे, मी सध्या दुसरा वापरते.

त्या दिवशी कोर्टात काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. पण तू मागच्या बाकावर होतीस आणि मी वर. वरून काय दिसलं ते सांगू दे.

ती फाईल त्याच सकाळी माझ्याकडे आली होती. मोठ्या न्यायाधीशांकडे कामं फार तुंबली होती, म्हणून त्यांच्याकडचे काही दावे माझ्याकडे वळवले. बहीण-भावाचा दावा. वडील गेल्यावर भावाने सुतारकामाच्या कारखान्याला आपलं कुलूप लावलं. बहीण म्हणते, मी वडिलांच्या जोडीने इतकी वर्षं तिथे काम केलं, निम्मा वाटा माझा. भाऊ म्हणतो, ती चहा आणायची आणि भुसा झाडायची, तिला रंधा धरता येत नाही. एवढं मी वाचलं होतं. पट्टेवाल्याने पुकारा केला, ती बाई पुढे आली, आणि तिच्या बोटांवरचे लाकडाच्या पॉलिशचे डाग पाहून मी ओळखलं. समोरच्या गल्लीतली. जिच्या ओट्यावर तू रोज संध्याकाळी बसायचीस ती.

ओळख असणं हा गुन्हा नाही. मी विचार करत होते की हे सांगून टाकावं आणि दोन्ही बाजूंना हरकत आहे का विचारावं. तेवढ्यात भावाचे वकील उठले.

"महोदया, आपल्या पायाखाली जे स्टूल आहे ते या वादीने बनवून दिलेलं आहे."

ताई, सगळं कोर्ट माझ्या टेबलाखाली वाकून बघत होतं.

ती खुर्ची उंच पुरुषांसाठी केलेली आहे. पहिल्या दिवशी तू मागच्या बाकावरून माझे पाय लोंबकळताना पाहिलेस आणि घरी येऊन म्हणालीस, "बारके, तू निकाल देत होतीस की झोपाळ्यावर बसली होतीस?" दुसऱ्या दिवशी कोर्ट भरण्याआधी मी खुर्चीत बसून बघत असताना टेप काढून टाचेपासून जमिनीपर्यंत माप घेतलंस. आठवड्याने स्टूल आलं. मी विचारलं नाही कुठून. मला वाटलं बाजारातून. तो निष्काळजीपणा माझा.

मी वकिलांना विचारलं, हे वादीनेच केलं कशावरून? ते तयारच होते. "असा बिनखिळ्याचा सांधा या गावात वादीचे वडील आणि वादी, दोघंच करायचे. माझ्या अशिलाने कारखान्यात उभं राहून वर्षानुवर्षं पाहिलं आहे." मी वादीकडे बघितलं. ती म्हणाली, "मीच केलं, घरच्या ओट्यावर. माप ताईंनी दिलं." लपवावं असं काही तिच्या मनातच नव्हतं.

मग मी रोजनामा लिहायला घेतला. जो जे बोलला ते शब्द न् शब्द लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. तू म्हणायचीस, कोणी शिंकलं तरी लिहून ठेवशील. त्याखाली मी दाव्यातून बाजूला होत असल्याचं कारण लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यात तुझा उल्लेख करावाच लागला. करावाच लागला, ताई. न्यायाधीशाकडे वस्तू कुठून आली हे उघड सांगितलं नाही तर लोक कुजबुजतात, आणि कुजबुजीला उत्तर देता येत नाही.

मान वर केली तर मागच्या बाकावर तू नव्हतीस.

स्टुलाला चिठ्ठी लावून शिरस्तेदारांनी ते कोर्टाच्या कपाटात ठेवलं आहे. आईला सांग, मी जेवते.

तुझी,
बारकी

२१ जून

प्रिय ताई,

उत्तर आलं नाही. आई म्हणते, "शाळा उघडल्या, गणवेशांचं काम आहे, तिला मान वर करायला फुरसत नाही." या वेळी मशीनचा आवाज येत होता, म्हणून खरं धरलं.

मी कचेरीकडे पाय ठेवायच्या स्टुलासाठी रीतसर अर्ज केला. उत्तर असं आलं की अशा वस्तूची आजवर कोणी मागणी केलेली नसल्याने ती कोणत्या सदरात बसवावी याचा विचार चालू आहे. मग मी लिहिलं, खुर्चीचे पाय थोडे कापा. त्यावर शिरस्तेदार हळूच म्हणाले, "मॅडम, तुमची बदली झाल्यावर पुढच्या साहेबांचे गुडघे छातीला लागतील." ते विनोद म्हणून बोलले की अडचण म्हणून, ते कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नाही. दिवसभरात माझ्याशी कामापलीकडे बोलणारे ते एकटेच, म्हणून मी ते वाक्य घरी येऊन पुन्हा आठवून पाहिलं.

इथे येताना मला वाटलं होतं, न्यायाधीश झालं की माणसं आपल्याशी खरं बोलतील. माणसं बोलतच नाहीत. वाण्याच्या दुकानात गेले की बाकीची गिऱ्हाइकं बाजूला होतात. शेजारच्या घरात बारसं की वाढदिवस असं काही होतं, हसण्याचा आवाज येत होता. त्यांनी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तरी मी गेले नसते. त्यांच्या जावयाचा अपघाताचा दावा माझ्याकडे आहे. या गावातल्या ज्या माणसाकडे चहा प्यावा तो आज ना उद्या माझ्यासमोर उभा राहणार. तू होतीस तेव्हा हे जाणवत नव्हतं, कारण गावच्या बातम्या तू ओट्यावरून घेऊन यायचीस आणि भाजी निवडता निवडता सांगायचीस. कोणाची सून रुसली, कोणाच्या घराचा पाया खचला. मी म्हणायचे, मला हे सांगू नकोस. ऐकायचे मात्र सगळं.

कॉलेजात असताना मी तुला एक निकाल वाचून दाखवला होता, आठवतो? त्या वरच्या कोर्टातल्या पहिल्या बाई न्यायाधीशांचा. एका नर्सने लग्न केलं म्हणून तिला नोकरीवरून काढलं होतं. इतर न्यायाधीश म्हणाले, नियम आहे. त्या एकट्या म्हणाल्या, नियमच चूक आहे, आणि वेगळा निकाल लिहिला. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांचंच म्हणणं कायदा झालं. माझ्या अंगावर काटा आला होता. तू पायजम्याची शिवण घालत होतीस. सगळं ऐकून विचारलंस, "मग त्या नर्सला नोकरी मिळाली का परत?"

मला माहीत नव्हतं. निकालात ते लिहिलेलं नव्हतं. मी तुझ्यावर चिडले होते, की तुला मुद्दा कळला नाही.

त्याच बाई आम्हाला प्रशिक्षणात एकदा शिकवायला आल्या होत्या. त्या पहिल्यांदा रुजू झाल्या तेव्हा दारावरच्या फळीवर 'श्री.' आधीच रंगवून ठेवलेलं होतं, कारण तिथे येणारा दुसरा कोणी असेल हे रंगाऱ्याला सुचलंच नव्हतं. मग पुढे 'मती' इतकं दाटीवाटीने बसवलं की ते वाचायला चष्मा लागायचा. आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फाईल पहिल्या पानापासून वाचा. शेवटचं पान वकील वाचून दाखवतातच." मी ते वहीत लिहून घेतलं. त्या एवढ्या एकट्या कशा राहिल्या असतील, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आज विचारला असता.

तू ये, असं म्हणणार नाही. काम आहे म्हणे, तर कर.

तुझी,
बारकी

१९ सप्टेंबर

ताई,

हे पत्र मी आज टाकणार नाही. का ते पुढे कळेल.

तुझ्या मैत्रिणीचा दावा फेटाळला गेला. मोठ्या न्यायाधीशांनी निकाल दिला. ते वाईट गृहस्थ नाहीत. मला नेहमी दार धरून पुढे जाऊ देतात. त्यांनी लिहिलं आहे की वडिलांच्या घरी मुलीने लावलेला हातभार ही माया असते, तिचं मोजमाप करणं हाच त्या मायेचा अपमान होय. भाषा फार सुंदर आहे. गावातल्या वकिलांनी निकालाच्या प्रती काढून घेतल्या.

मी तो जेवणाच्या सुट्टीत वाचला. आणि वाचता वाचता मला माझंच पान आठवलं. भावाचं म्हणणं काय, तर बहिणीला रंधा धरता येत नाही. आणि त्याचेच वकील माझ्यासमोर काय म्हणाले होते? असा सांधा वडील आणि ही, दोघंच करायचे, अशिलाने वर्षानुवर्षं पाहिलं आहे. मला खुर्चीवरून उठवायच्या घाईत त्यांनी स्वतःच्याच अशिलाची बाजू बुडवली होती. ते वाक्य माझ्या हस्ताक्षरात रोजनाम्यात आहे. कोणी ते उघडून बघितलंच नाही. बाजूला झालेल्या न्यायाधीशाची पानं कोण वाचतो? तुझ्या मैत्रिणीचा वकील नवखा आहे, त्याला वाटत असेल ती पानं म्हणजे फक्त स्टुलाची भानगड.

आणि मी हे कोणाला सांगू शकत नाही. न्यायाधीशाने एका पक्षकाराला 'अमुक पान उघड' असं सांगणं म्हणजे तिच्या वतीने खटला लढवणं. मग मी बाजूला तरी कशाला झाले? तुला लिहिलं तर तू पुढच्या बसने तिच्याकडे जाशील. जाशीलच. म्हणून हे पत्र कपाटात.

काल संध्याकाळी ती फाटकाशी आली होती. मी झाडांना पाणी घालत होते.

"साहेब, एक विचारू का?"

मी म्हटलं, "नका विचारू. मला तुमच्या दाव्याबद्दल बोलता येत नाही."

"दाव्याचं नाही हो." ती फाटकाच्या गजावरचा सुटलेला रंग नखाने काढत होती. "ताई कशी आहे?"

"बरी आहे."

"मशीनचा पट्टा सारखा निसटतो म्हणायची. बसवून घेतला का?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "तिला म्हणावं, ओटा तिथेच आहे." आणि गेली. ती दावा हरून दुसऱ्या दिवशी तुझ्या मशीनचा पट्टा विचारायला आली होती, आणि मी तिला दारातूनच परत पाठवायला निघाले होते.

नळ चालू राहिला होता. सगळं अंगण भिजलं.

रात्री हा कागद पाकिटात घातला, पत्ता लिहिला, तिकीटही लावलं. एवढं टाकलं तर तू परत येशील हेही कळत होतं. तू आलीस की घरात आवाज असतो. मग पाकीट फोडलं आणि हे शेवटचं लिहिलं. नाही टाकत.

ती वरच्या कोर्टात अपील करणार आहे असं ऐकते. पट्टा बसवून घे.

बा.

१७ मार्च

प्रिय ताई,

सोबत सप्टेंबरचं पत्र आहे, ते आधी वाच.

वाचलंस? आता हे.

अपिलाचा निकाल काल आला. ते अपील नर्सचा तो वेगळा निकाल लिहिणाऱ्या त्याच बाईंपुढे गेलं होतं. त्यांची निवृत्ती जवळ आली आहे, पण अजूनही त्या पहिल्या पानापासूनच वाचतात. सुनावणीत त्यांनी भावाच्या वकिलांना माझ्या रोजनाम्यातलं ते वाक्य वाचायला लावलं. वकील म्हणे अर्ध्यावर थांबले आणि पाणी मागितलं. बाईंनी कोर्टाच्या कपाटातलं स्टूल मागवून घेतलं, टेबलावर उलटं ठेवलं आणि सांध्याला बोट लावून भावाला विचारलं, "हे तुम्हाला जमतं?" तो म्हणाला, नाही. "कोणाला जमतं?" त्याने सांध्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आमच्या बाबांना. आणि हिला."

निकाल मी चार वेळा वाचला. तुझ्यासाठी दोन वाक्यं उतरवते. "पित्याखेरीज केवळ याच हातांना जमणारे कौशल्य भुसा झाडून येत नाही. मुलीच्या श्रमांना माया म्हटले की त्यांचा वाटा द्यावा लागत नाही, ही सोय या न्यायालयाला मान्य नाही." निम्मा कारखाना तिचा. आता हा निकाल खालच्या सगळ्या कोर्टांना पाळावा लागेल. शेतात, दुकानात, गिरणीत राबलेल्या कितीतरी मुलींना तो वापरता येईल.

यापुढचं लिहिताना मला त्रास होतो आहे. तरी लिहिते, नाहीतर तुला दुसरीकडून कळेल.

निकालात माझ्यावरही एक परिच्छेद आहे. मी बाजूला झाले हे योग्यच केलं, असं त्या म्हणतात. पुढे आहे: "तथापि ज्या व्यक्तीचा दाव्याशी संबंध नाही, तिच्या समजेविषयी शेरा मारण्याचे कारण नव्हते. तो शेरा नोंदीतून वगळण्यात येत आहे."

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की तुझा उल्लेख करावाच लागला. उल्लेखापुरतं ते खरं होतं. पण मी नुसतं 'माझ्या बहिणीमार्फत' असं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, "माझी अल्पशिक्षित बहीण, जिला न्यायालयीन शिस्तीची जाण नाही." आणि ते भरल्या कोर्टात मोठ्याने वाचलं, तू बसलेली असताना. स्वतःला धुऊन काढायला मला काहीतरी हवं होतं, आणि सगळ्यात जवळ तू होतीस.

तुझं शिक्षण अल्प का राहिलं हे त्या खोलीत फक्त आपल्या दोघींना माहीत होतं. घरात एकच शिकेल एवढीच ऐपत होती आणि तू पुस्तकं माझ्याकडे सरकवून मशीनवर बसलीस. माझ्या प्रत्येक सत्कारात मी काय म्हणाले? ताईची माया. लोक टाळ्या वाजवायचे. मोठ्या न्यायाधीशांच्या निकालावर मी मनातल्या मनात इतकी संतापले होते, आणि शब्द माझेच होते.

शेरा वगळला, म्हणजे आता कागदावर त्यावर रेघ आहे. तू ऐकलेलं वगळायला कुठल्याही कायद्यात तरतूद नाही. मी शोधली.

तुझी,
बारकी

२ एप्रिल

प्रिय ताई,

आई म्हणाली, तू दोन्ही पत्रं वाचलीस, घडी केलीस आणि मशीनच्या खणात ठेवलीस. काही बोलली का, विचारलं तर म्हणाली, "दोरा ओवत होती, तोंडात दोरा होता." बरं.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते. हो, तिला वाटा मिळाला. भावाने किल्ली दिली नाही, कोर्टाच्या माणसाने कुलूप काढलं. त्या सकाळी मी मुद्दाम त्या रस्त्याने चालत कामाला गेले, पलीकडच्या कडेने. दरवाजे सताड उघडे होते. ती आत एका फळीवर रंधा मारत होती. तिने मान वर केली नाही आणि मी थांबले नाही, भाऊ अजून वर अपील करेल असं म्हणतात. पण रंध्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता. त्या नर्सचं काय झालं तेही मी बाईंच्या कचेरीला पत्र लिहून विचारलं आहे. मला कळायला हवं होतं तेव्हाच.

स्टूल निकालाप्रमाणे जिने केलं तिला परत गेलं. शिरस्तेदार स्वतः देऊन आले. म्हणाले, "त्यांनी ते ओट्यावर ठेवलंय. बसू देत नाहीत कोणाला."

आणि माझ्या अर्जाला मंजुरी आली. वस्तू 'किरकोळ लाकडी सामान' या सदरात बसली. सरकारी कारखान्यातून करून येईल, म्हणजे त्यात कोणाचा उपकार नाही. आज शिरस्तेदार फॉर्म घेऊन उभे राहिले. "मॅडम, उंची किती लिहू?"

मी म्हटलं, उद्या सांगते.

ते माप तू घेतलं होतंस. मला कधी सांगितलं नाहीस. टेपवर बघून नुसतं "हं" म्हणालीस आणि ते तुझ्या डोक्यात राहिलं, जशी सगळ्या गल्लीतल्या मुलांची मापं राहतात.

पट्टी टेबलावरच आहे. खुर्चीत बसून मला स्वतःला मोजता येईल. मोजलेलं नाही. फॉर्ममध्ये ती जागा मोकळी ठेवली आहे आणि पाय अजून लोंबकळताहेत.

किती होतं, ताई?

तुझी,
बारकी